फुटक्या मालाचे फोटो

बंदरात माझ्या बाबांना सगळे ‘बाजूलाव्हा’ म्हणत. तोंडावर नव्हे, पण आमच्या कानावर यायचंच. जहाजातून उतरताना माल फुटला, चेपला, भिजला की त्याचा फोटो काढायचा, ही त्यांची तीस वर्षांची नोकरी. एकदा चेपलेल्या खोक्याला टेकलेला हमाल फोटोत आला. विमावाल्यांनी लगेच फाटा फोडला की खोकं त्याच्याच वजनाने चेपलं असेल. साहेबाने बाबांना फैलावर घेतलं. तेव्हापासून त्यांनी माणसांचा धसकाच घेतला. कॅमेरा उचलण्याआधी ओरडायचे, बाजूला व्हा.

त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे काका, त्याच धक्क्यावर हमालांचे मुकादम होते. गेल्या वर्षी ते गेले. परवा बंदराच्या हॉलमध्ये जुन्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. काकूने ते दोनदा फिरून पाहिलं आणि तशीच आमच्याकडे आली.

“सगळ्यांचे नवरे आहेत तिथे,” ती म्हणाली. “भावजी, तुम्ही तर रोज ह्यांच्यासोबत होतात. कामावरचा एक तरी असेल ना? घरात नुसता लग्नातला आहे. त्यात ते मलाच ओळखू येत नाहीत.”

“देतो की शोधून,” बाबा म्हणाले. इतक्या सहज, की माझं डोकंच फिरलं. शोधणार कोण? मी.

माळ्यावरून चौतीस खोकी उतरवली. अकरा दिवस धूळ खाल्ली. चेपलेली पिंपं, फाटलेली पोती, भिजलेले कागदाचे गठ्ठे. मागे जहाजं, क्रेन, ओला धक्का, सगळं जिथल्या तिथे. माणूस औषधालाही नाही. वर बाबा शेजारी बसून स्वतःचंच कौतुक करणार.

“हे पिंप बघ. चेप किती स्वच्छ आलाय.”

ते पिंप त्यांच्याच डोक्यात घालावं असं मला वाटे.

“हे खोकं दादानेच उजेडात सरकवून दिलं होतं,” ते मध्येच म्हणाले.

“मग काका कुठायत?”

“त्याला बाजूला केलं.”

बाराव्या दिवशी एक हात सापडला. मालाचा नंबर लिहिलेली पाटी एरवी मालाला टेकवून ठेवत. त्या दिवशी वारा असावा, कोणीतरी ती धरली होती. हात मनगटापर्यंतच होता. बाबा खुलले. “दादाच. दुसरं कोण धरणार?” लगेच फोटो मोठा करून आणला. मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काकू फोटो घेऊन खिडकीशी गेली. चष्मा पदराने पुसून तिने पुन्हा पाहिला.

“हा ह्यांचा नाही.”

“वहिनी, नीट बघा. जुना फोटो आहे, रंग उडालाय.”

“एकोणचाळीस वर्षं ह्यांच्या हातांना तेल चोळलंय मी. हा दुसऱ्या कोणाचा तरी आहे.”

इतक्या दिवसांचा राग माझ्या तोंडाशी आला होता, पण बाबांचा उतरलेला चेहरा बघून मी तो गिळला. काकू त्यांच्यासमोर येऊन बसली.

“तुम्ही फोटो काढायचात, तेव्हा हे कुठे उभे असायचे?”

“माझ्या मागेच. अगदी पाठीशी. कधी मध्ये आला नाही.”

काकूने फोटो त्यांच्या हातात परत दिला.

“एकदा मागे वळायचं होतं, भावजी.”