अंगणातली खाडी

वाशीमहून समुद्र किती लांब, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यात मी माझ्या अंगणात खाडी केली. एकट्याने नव्हे, आम्ही तिघे होतो. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, दुसऱ्या होत्या मुलींच्या शाळेतल्या शिवणकामाच्या बाई, आणि तिसरा दुकानांच्या पाट्या रंगवणारा माझा पेंटर मित्र.

दिवाळीच्या सुटीत आम्ही एस.टी.ने कोकणात निसर्गचित्रं काढायला गेलो होतो. तिथे खाडीकाठी खारफुटी पाहिली आणि तिघांचंही डोकं फिरलं. चिखलातून मुळं सरळ वर आलेली. बाई म्हणाल्या, "कापडात सुया खोचून ठेवल्यावानी दिसते." रोज डोळ्यांसमोर असल्याशिवाय या झाडाचं खरं चित्र निघणार नाही, असं ठरवून आम्ही त्याच्या खाली पडलेल्या शेंगा ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी आणल्या. याला आम्ही संशोधन म्हणत होतो.

सिमेंटच्या टाक्यात काळी माती आणि मिठाचं पाणी भरलं. सकाळची भरती माझ्याकडे, संध्याकाळची ओहोटी पेंटरकडे. खारटपणा बाई चाखून ठरवायच्या. ही जबाबदारी त्यांनी कपाळाला आठ्या घालून स्वीकारली होती.

शेजारच्या मावशी कुंपणावरून बघायच्या.

"मास्तर, झाडाले मीठ कायले टाकून राह्यले?"

"खारं पाणीच लागते त्याले, मावशी."

"आमी तं झाड मारासाठी टाकतो."

पौर्णिमेला पेंटर हट्टाला पेटला. उधाण आलंच पाहिजे. बादल्यांवर बादल्या ओतल्या. समुद्र कुंपणाखालून मावशींच्या वाफ्यात शिरला आणि त्यांची मेथी पिवळी पडली.

"येवढा शौक हाय तं तिकडंच जाऊन राहा ना!" मावशी कडाडल्या. आम्ही तिघांनी मुकाट्याने वाफ्याची माती बदलून दिली.

शेवटी एका शेंगेला पानं फुटली. मग मांजरपाटाच्या कापडावर आम्ही मिळून चित्र केलं. मुळं बाईंनी काळ्या दोऱ्याने भरली, पाणी पेंटरने रंगवलं, खेकडे माझे. पेंटरने लाटांना पाटीवरच्या अक्षरांसारखी सावली दिली. बाई म्हणाल्या, उसवा. रंग उसवता येत नाही, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं.

चित्र शाळेच्या हॉलमध्ये लागलं. मुख्याध्यापकांनी भाषणात 'आपल्या परिसरातील निसर्गाचे यथार्थ दर्शन' म्हणून आमची पाठ थोपटली. मावशीही आल्या होत्या. चित्रापुढे उभ्या राहून त्यांनी विचारलं, "मुळं वर काहून?"

"श्वास घ्याले," बाई म्हणाल्या. "चिखलात हवा भेटत नाही त्याले."

मावशींनी दोऱ्याच्या मुळांवरून बोट फिरवलं. "बिचारं," एवढंच म्हणाल्या.

उन्हाळ्यात रोप सुकलं. पेंटर तेव्हा मानोरा गावी पाट्यांच्या कामावर होता. परतल्यावर टाक्यापाशी उकिडवा बसून तो म्हणाला, "पाहुणं होतं. हिवाळाभर राह्यलं, हेच लय झालं."

आमचं संशोधन तिथे संपलं. मी चहा टाकायला आत गेलो.