पौषात पास झालेलं मशीन

समजा, तुमचा कॉम्प्युटर जुना झालाय आणि इतक्यात नवा येणार नाही. तुम्ही बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये शिरता, प्रोसेसरचा वेग एक पायरी वाढवता, मग मशीनला मुद्दाम जड गणितं घालून तासन् तास राबवता. डोळा सारखा तापमानावर. अडखळलं तर व्होल्टेज केसभर वाढवायचं, तापलं तर पायरी खाली यायचं. निभावलं, तरच पुढची पायरी. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. तुम्ही हे सगळं घाई न करता केलंत. आता सांगा, मशीन भरवशाचं झालं की नाही?

गुफरानला वाटलं होतं, झालं.

सोलापूरच्या नवी पेठेत साड्यांच्या दुकानावर त्याचा लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ आहे. लग्न झालेली मुलगी पहिल्यांदा माहेरी येते, तोवर घरच्यांना फिल्म हवी असते. जुनं मशीन तेवढं पळत नव्हतं. पौषात लग्नं नसतात, म्हणून शूटिंगवाल्यांची सगळी डागडुजी त्याच महिन्यात उरकते. गुफराननंही वेग वाढवला तो पौषातच. त्या दिवसांत सोलापुरातसुद्धा सकाळी स्वेटर लागतो. मशीन प्रत्येक चाचणीत पास झालं. पुढे उन्हाळ्याची सोय म्हणून त्यानं घरचा कूलर उचलून स्टुडिओत आणला, तेव्हा त्याची बायको सबिहा म्हणाली, "हमारे को पंखा, मशीन को कूलर. उसीच से निकाह करना था ना."

वैशाखात वळसंगला चनबसप्पांच्या मुलीचं, काव्याचं लग्न झालं. चनबसप्पा बियाण्यांचे व्यापारी, बोलायला मोकळे. अक्षता पडल्यावर माइक हातात घेऊन कानडी-मराठीत बरंच काही बोलले, मांडव हसत होता. गुफराननं फिल्म वेळेवर दिली. फिल्मवर गाणी होती, त्यामुळे कुणाचं बोलणं त्यात नव्हतंच. बाकीचं चित्रण त्यानं नेहमीप्रमाणे लहान फायलींत बदलून ठेवलं आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून पुढच्या लग्नाला नेलं. खोली भट्टीसारखी तापली होती, पण मशीन एकदाही बंद पडलं नाही. म्हणून त्याला शंका आली नाही. तयार झालेल्या फायली सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघत बसायला लगीनसराईत कुणाला सवड असते?

श्रावणात चनबसप्पांची बायको रत्नम्मा आणि मुलगा नंदीश स्टुडिओत आले. चनबसप्पांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. जिना चढवेना म्हणून ते खाली रिक्षातच बसले होते.

"यांचं ते मांडवातलं बोलणं तेवढं दे," रत्नम्मा म्हणाल्या. "त्यास्नी ऐकवायचं हाय. तुमी असं बोलत हुता, म्हणून सांगायचं हाय. दुसरं काय बी नको."

गुफराननं उत्साहानं फाइल लावली. अक्षता पडल्या, चनबसप्पांनी माइक घेतला, तोंड उघडलं आणि चित्राचे हिरवे-जांभळे चौकोन झाले. आवाजाच्या जागी नुसती खरखर. ती संपली तेव्हा पंगत बसलेली होती.

त्यानं पुन्हा लावलं. दुसऱ्या प्लेअरमध्ये लावलं.

"आवाज हाय की आत. नीट काड की," रत्नम्मा म्हणाल्या.

दुसरी कॉपी असेलच असं धरून नंदीशनं ती कधी मिळेल ते विचारलं. गुफराननं नकारार्थी मान हलवली. मग रत्नम्माच सांगू लागल्या. ते व्याह्यांना म्हणाले होते, काव्याला स्वयंपाक येतो, पण ती करील की नाही ते तुमचं नशीब. आणि सगळ्यांना म्हणाले, ऊटा माडि होग्री, जेवल्याबिगर कुणी जायचं न्हाय. त्याच्या मधलं त्यांना आठवेना.

"तुझ्या कानाला ते लावलेलं हुतं की. तू तर ऐकलंस. काय म्हनाले पुढं?"

गुफरानच्या कानाला हेडफोन होता खरा. पण त्याला आठवत होत्या त्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर वरखाली होणाऱ्या आवाजाच्या हिरव्या पट्ट्या. आवाज फाटून त्या लाल होऊ नयेत एवढंच तो बघत होता. शब्द एकही आठवेना.

तो त्यांच्याबरोबर खाली उतरला. रिक्षात चनबसप्पांनी डावा हात वर केला, ओठ हलवले. नंदीश त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला की अजून शोधायचं काम चालू आहे. गुफराननं त्याला खोटं पाडलं नाही.

त्यानंतर त्यानं मशीन मूळ वेगावर आणलं. बिघडलेली फाइल बिघडलेलीच राहिली. मग वेग पुन्हा वाढवून सगळ्या चाचण्या नव्यानं केल्या. श्रावणाच्या गारव्यात मशीन परत पास झालं; वैशाखाच्या उन्हात ते बंद न पडताच चुकलं होतं का, हे त्यातून कळेना. पुसलेला डेटा काढून देणाऱ्यानं त्या कार्डातून काढली ती भलत्याच कुणाची तरी हळद. कार्ड तपासलं, तर तेही आता ठीक निघालं.

आता तो प्रत्येक फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकतो. नंदीशचा फोन अजून येतो. त्याला कुणाला तरी विचारायचंय, पण कोणाला ते ठाऊक नाही. चनबसप्पांचं बोलणं त्याच्या वाढवलेल्या वेगानं खाल्लं, की कार्डावर ते नीट उतरलंच नव्हतं?