पिठी, सार आणि बाबांची वाटी

स्वयंपाक बिघडला की तो कोणालाच नको असतो, पण तो कसा बिघडला ते मात्र सगळ्यांना ऐकायचं असतं. आमच्या घरात सकाळी काय करपलं ते दुपारच्या आत कट्टा गावच्या रिक्षा स्टँडवर पोचलेलं असतं. मी रिक्षा रांगेत लावतो न लावतो तोच पुढच्या रिक्षातला मंग्या विचारतो, "काय रे दीपू, आज काय जाळलंस?" मीही सांगून टाकतो. पोटात ठेवायची मला सवय नाही. असे सांगता सांगता इतके किस्से जमलेत की स्टँडवर नवा माणूस आला तर मंग्याच माझ्या वतीने सुरू होतो. तो चुकीचे सांगतो, म्हणून म्हटलं एकदा मीच सांगावेत.

आधी घरातलं सांगतो. श्रावणात माझी ताई गेली. ताप आला, तो उतरलाच नाही. आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे घर म्हणजे ताईच होती. मी आठवीत शाळा सोडली तेव्हा मला मारलं तिनेच आणि नंतर जेवायला वाढलं तेही तिनेच. आता घरात मी आणि बाबा. बाबांना शुगर आहे, गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही, आणि बाबा तर जेवेनात. कोरा चहा आणि बेकरीतला कडक बटर, झालं. भात वाढला की म्हणायचे, "ठेव थंय. मागाहून खातंय." मागाहून तो भात कोंबड्यांच्या पोटात जायचा. आमच्या कोंबड्यांनी बाळसं धरलं आणि बाबांची पॅन्ट सुतळीने बांधायची पाळी आली.

मी म्हटलं, बास. ताई करायची ते सगळं मी करणार आणि बाबांना जेवायला घालणार. कसं करायचं ते ठाऊक नव्हतं, पण ते ठरवताना आठवलं नाही.

* * *

पाऊस सरला, सकाळी गवत ओलं आणि दुपारी डोकं तापवणारं ऊन, असे दिवस आले की ताई संध्याकाळी कुळथाची पिठी करायची. गरम गरम, लसणीची फोडणी, वर दोन आमसुलं. भातावर घ्या नाहीतर वाटीने प्या. बाबा तीन वाट्या प्यायचे.

मग मी पहिल्यांदा पिठीच केली. लसूण ठेचली, फोडणी दिली, फळीवरच्या डब्यातलं पीठ काढून कालवून टाकलं. वास काही वेगळाच येत होता, पण रंग बरोबर होता. वाटी भरून बाबांच्या पुढे ठेवली आणि समोर उकिडवा बसलो.

बाबांनी एक चमचा तोंडात घातला. मग म्हणाले, "झिला, ह्यो कुळीथ न्हय. ह्यो नाचणो."

ताईने फळीवर सारखेच डबे ठेवले होते. कुठल्यात काय ते तिला ठाऊक.

मी म्हटलं, "नाचणी पण पौष्टिक असता, बाबा."

"असता. पण ती बाळांका भरवतत. माका अजून दात आसत."

वाटी माझ्याकडे सरकवली आणि उठले.

* * *

दुसऱ्या दिवशी सगळे डबे उघडून, चाखून, बरोबर पीठ शोधलं. पाणी खळखळा उकळलं आणि त्यात वरून पीठ सोडलं. जे झालं ते ढवळता येईना.

तेवढ्यात शेजारच्या सुगंधा काकी विरजण मागायला आल्या. विरजण त्यांना नको होतं. जळका वास त्यांच्या पडवीपर्यंत गेला होता. त्यांनी टोपात डोकावून पाहिलं.

"मेल्या, ही पिठी काय लाडू? दिवाळेक अजून येळ आसा."

"पीठ गुठळ्या धरता, काकी."

"धरतलाच. आधी थंड पाण्यात कालवूचा. मगे उकळत्या पाण्यात बारीक धार सोडूची आणि हात थांबवूचो नाय. सरक बाजूक."

पदर खोचून काकी चुलीपुढे बसल्या, पुन्हा पाणी चढवलं, पीठ कालवलं, धार सोडायला घेतली आणि सवयीने हाक मारली, "सुलू, ती पळी हाड गो."

ताईचं नाव सुलभा.

काकींचा हात तसाच राहिला. मी पळी दिली. काकींनी ती घेतली आणि ढवळत राहिल्या, पिठी शिजून गेली तरी ढवळत राहिल्या. शेवटी मीच म्हटलं, "काकी, आता ती परत लाडू होतली."

"होवंदे," काकी म्हणाल्या आणि नाक पुसून हसल्या. पिठी फक्कड झाली होती. बाबांनी मात्र वास घेतला आणि सांगितलं, "ही सुगंधान केली. तिचा घर जेवतला काय मगे?" आणि वाटी झाकून काकींच्या घरी परत पाठवली.

* * *

नवरात्र संपलं, बांगडे आले. मी चांगले ताजे बांगडे आणले आणि तिखलं, म्हणजे घट्ट तिखट कालवण, केलं. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घालतात एवढं मला माहीत होतं. किती आणि कशी, ते नव्हतं. मूठभर घातली, बियांसकट, चांगली ठेचून.

त्या दिवशी मंग्या जेवायला आला होता. पहिल्या घासाला म्हणाला, "मस्त." दुसऱ्याला पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. तिसऱ्या घासानंतर त्याने बोट तोंडात घालून चाचपून पाहिलं.

"दीपू, माझी जीभ खंय आसा?"

जीभ जागेवरच होती, पण तिरफळांनी बधिर झाल्यामुळे त्याला कळत नव्हती. संध्याकाळी स्टँडवर एक बाई त्याला विचारायला आली, मालवणला येणार का. मंग्याने उत्तर दिलं ते त्याचं त्यालाही समजलं नाही. बाई दुसऱ्या रिक्षात बसता बसता म्हणाली, "बिचारो मुको आसा, तरी मेहनत करता."

बाबांनी बांगड्याला हातही लावला नव्हता. पण मंग्या गेल्यावर पडवीतून आवाज आला, "तिरफळाची बी काढून टाकतत. सालाच घेतत. आणि ठेचनत नाय."

मी पळीसकट बाहेर आलो. "तुमका कसा ठावक?"

"तुझे आयशीक कोणी शिकवल्यान?" बाबा म्हणाले आणि कूस बदलली.

* * *

मग सुपाचं झालं. तारकर्लीला एका पुण्याच्या बाईंना सोडायला गेलो होतो. बाई बोलक्या होत्या. सगळं विचारून घेतलं आणि मी सगळं सांगितलं. म्हणाल्या, "जेवण जात नसेल तर सूप द्या. सूप कोणालाही जातं."

मला तर एकदम पटलं. घरी जाईपर्यंत दम धरवेना. वाटेत टोमॅटो घेतले, मोबाईलवर व्हिडिओ लावला. व्हिडिओतला माणूस वरून क्रीम सोडत होता. मी नारळाचा रस सोडला. तो पावाचे तळलेले तुकडे टाकत होता. मी बटर मोडून टाकला. दिसायला तर हॉटेलसारखं.

बाबांनी विचारलं, "ह्यां काय?"

"सूप."

त्यांनी वाटी उचलली. प्यायले. एक घोट, मग दुसरा. मी पुढे सरकून बसलो.

"ह्येका सूप म्हणतत? ह्यो टोमॅटोचो सार. सार नुसतो पितत काय? भात खंय आसा?"

भात! बाबांनी भात मागितला होता. आणि मी भात लावलाच नव्हता, कारण व्हिडिओत भात नव्हता. मी आत धावलो, तांदूळ धुतले, कुकर चढवला, शिट्टीकडे बघत उभा राहिलो. माझ्या आयुष्यात कुठल्या कुकरची मी एवढी वाट पाहिली नव्हती. वाफ जायच्या आत झाकण उघडायला गेलो आणि हात भाजून घेतला.

ताट घेऊन बाहेर आलो तर पडवी रिकामी. शेतात डुकरं शिरल्याची हाक आली म्हणून बाबा काठी घेऊन गेले होते. वाटीतला बटर कोंबडी खात होती.

* * *

शुगर तपासायला बाबांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडम समोर आल्या की बाबा शुद्ध बोलतात.

"गोळी जेवणानंतर घेता ना?"

"हो मॅडम, रोज."

"जेवणात काय असतं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुळथाची पिठी असते. बांगड्याचं तिखलं असतं. टोमॅटोचं सार असतं. परवा मोडाच्या मुगांची मुगागाठी होती."

मुगागाठी मी केली होती, आणि ती परसातल्या गवतात ओतली होती. पण बाबा असं सांगत होते की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं.

"घरात स्वयंपाक कोण करतं?"

"हा. मुलगा."

"नशीबवान आहात," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी बाबांना काट्यावर उभं केलं, काट्याकडे पाहिलं, बाबांच्या कमरेच्या सुतळीकडे पाहिलं. "मग हे सगळं जातं कुठे?"

बाबांनी शर्ट ओढून सुतळी झाकली.

"हे बघा काका, असंच चाललं तर मला तुम्हाला दाखल करावं लागेल. घरी जेवा, नाहीतर इथे सलाइन. काय ते ठरवा."

रिक्षात बसल्यावर बाबा म्हणाले, "तुझ्यापायी खोटां बोलूक लागतंय." मी आरशात पाहिलं. ते बाहेर बघत होते. शेतातलं भात सगळीकडे पिवळं झालं होतं.

* * *

आता कापणीचं. आमच्या वाडीत कापणी सगळे मिळून करतात. आज एकाचं शेत, उद्या दुसऱ्याचं. ज्याचं शेत त्याने कापायला आलेल्यांना पेज द्यायची. आमच्या शेताचा दिवस ठरला तेव्हा सुगंधा काकी म्हणाल्या, "ह्या वर्साक पेज आमी करून हाडतो. तू त्रास घेव नको."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आमच्या शेतातली पेज आमच्याच घरातली होतली."

बाबांनी मान वर केली.

पहाटे उठून उकड्या तांदळाची पेज केली. मोठा टोप रिक्षात पाठच्या सीटवर ठेवला, सुतळीने बांधला आणि बैलगाडीच्या चालीने रिक्षा शेताच्या बांधापर्यंत नेली. सोबत लोणचं आणि भाजलेला सुका बांगडा. लोक सकाळपासून वाकलेले होते. सगळे काजूच्या सावलीत येऊन बसले. बाबा थोडे बाजूला, कोयत्याची धार बघत. मी सगळ्यांना वाढलं, बाबांच्या पुढेही वाटी ठेवली.

कोणी वाटीला हात लावेना. मला वाटलं, परत काहीतरी चुकलं. मी वास घेऊन पाहिला. पेज चांगली होती.

काकी मोठ्याने म्हणाल्या, "कापणीची पेज. शेताच्या मालकान पयलो घोट घेतल्याबिगर कोणी खावची नसता."

मी म्हटलं, "कधीपासून?"

काकींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी टोपाच्या मागे सरकलो. "पयल्यापासून."

काकींचे यजमान आत्माराम काका वाटी तोंडाशी नेत होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि वाटी हळूच खाली ठेवली. "व्हय व्हय. माझो बापूस पण तसांच करी."

मग सगळीच वाडी माना हलवायला लागली. कोणाच्या आजोबांनी सांगितलेलं निघालं, कोणाच्या सासूने.

"खावा रे गप," बाबा म्हणाले. "माका भूक नाय."

कोणी हललं नाही. घाम पुसत, पोटं आवळून सगळे बसले. पेजेवर साय धरायला लागली. एकाचं पोट गुरगुरलं ते सगळ्यांना ऐकू आलं, तरी कोणी हसलं नाही.

"ह्या वाडीक खुळ लागला," बाबा म्हणाले. कोयता खाली ठेवला. वाटी उचलली आणि घोट घेतला. मग लोणच्याची फोड चोखली आणि दुसरा घेतला. मागे सगळ्यांचे भुरके एकदम सुरू झाले. मी पळी धरून उभाच होतो. बाबांनी माझ्याकडे न बघता वाटी पुढे केली.

"वाढ."

दुसऱ्या दिवशी आत्माराम काकांचं शेत होतं. पेज काकींनी आणलेली. वाढून झाली, मला सपाटून भूक लागलेली, मी वाटी उचलली. बाबांनी माझ्या मनगटावर फटका मारला.

"मालक खंय आसा?"

काका शेताच्या त्या टोकाला भारे बांधत होते. बाबा ताठ बसून राहिले. सगळ्यांनी वाट्या खाली ठेवल्या आणि काकींकडे पाहिलं. काकी उभ्या राहिल्या, तोंडाला हात लावून ओरडल्या, "ओ! बेगीन येवा, पेज थंड होता!"

काका चिखलाच्या हाताने धावत आले. सगळ्यांच्या देखत त्यांनी वाटी उचलली आणि घोट घेतला.

"हां," बाबा म्हणाले, आणि जेवायला लागले.