इरकलीचे चोवीस खिसे

"एक तरी साडी अख्खी ठेव गं. ह्यांना झोपताना मूठभर पदर लागतो."

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी सासूबाई असं म्हणाल्या, आणि रेवतीनं ते हसण्यावारी नेलं. "काय आत्या, चार दिवसांत परत येणार तुम्ही," म्हणाली. तेव्हा तिला सातवा लागला होता आणि पोटातल्या बाळाशिवाय दुसरं काही डोक्यात शिरत नव्हतं. आत्या परत आल्या नाहीत. मागं राहिल्या पाच इरकली साड्या, कपाटात घडी घालून.

त्या पाचही रेवतीनं कापल्या. तिशू जन्मल्यावर घरभर पसारा व्हायला लागला, आणि फोनवर एक बाई दाखवायची, जुन्या साड्यांतून काय काय होतं ते. सोपं होतं. आधी काठ उसवून बाजूला ठेवायचे. मग वीतभर चौकोन पाडायचे, आत बुकरम घालायचा म्हणजे खिसा ताठ राहतो, काठाची पट्टी वरून फिरवायची आणि ओळीनं भिंतीवर टांगायचे. एका साडीत चोवीस खिसे सहज निघतात. बाळाची औषधं, नेलकटर, टोपडी, किल्ल्या, बिलं, सगळ्यांना खिसा, प्रत्येक खिशावर नावाची चिठ्ठी. शेजारच्या बायका बघायला आल्या. "इचलकरंजीत राहून चिंध्या सगळ्यांच्याच घरात, पण डोकं तुझंच," असं म्हणून गेल्या.

एकच माणूस त्या खिशांत बसत नव्हता. मामा, म्हणजे रेवतीचे सासरे, भूपालअण्णा. चाळीस वर्षं मागावर गेलेली, आता नजर अधू, कान अधू. कापड बोटांनी ओळखायचे. दिवसातून दहा वेळा भिंतीशी उभे राहायचे आणि एकेका खिशात हात घालून पोत चाचपायचे. आतलं सगळं खाली पडायचं. गेल्या महिन्यात टाचण्यांची डबी पडली. तिशू रांगत तिथं पोचली होती. एक टाचणी तिच्या मुठीत होती.

त्या दिवसापासून जेवण झालं की रेवती मामांना मागच्या खोलीत नेते, तिशू झोपतेय, आवाज करू नका म्हणते आणि बाहेरून कडी लावते. एक ते तीन. तिशू उठेपर्यंत. नवऱ्याला तिनं हे सांगितलेलं नाही.

आजही कडी लावून ती तिशूच्या शेजारी आडवी होते. एक हात बाळाच्या छातीवर. श्वास मोजल्याशिवाय तिला डोळा लागत नाही. अठरा, एकोणीस, वीस. गल्लीतले माग खटाखट चालू आहेत. एकवीस. बावीस. मग माग बंद पडतात, सगळे एकदम, आणि त्या शांततेत शिलाई मशीन चालल्याचा आवाज येतो.

आत्या मशीनवर बसल्या आहेत. पाठमोऱ्या. अंगात पोलकं आणि खाली परकर. एवढंच.

"आत्या, साडी कुठाय तुमची?"

"मलाच इचार आता," त्या म्हणतात. मान वळवत नाहीत. "तिकडं सगळ्या बायका नेसून बसत्यात. मी भिंतीकडं तोंड करून बसते."

रेवतीला आपल्या अंगावरची ओढणी काढून द्यावीशी वाटते. ती ओढते, पण ओढणी संपतच नाही, हातभर-हातभर येत राहते.

"ऱ्हाऊ दे. तुझं मला हुतंय व्हय?"

खोली आता खोली नाही. मागाचा कारखाना आहे, पण मागांच्या जागी खिसे लोंबताहेत, छतापासून जमिनीपर्यंत, काळे, हिरवे, डाळिंबी. प्रत्येकावर रेवतीच्या अक्षरातली चिठ्ठी. आत्या पुढं चालतात, रेवती मागं. चिठ्ठ्या वाचताना तिला कळतं की ही नावं वस्तूंची नाहीत. "आत्याचं हसू." "आत्याची मिसरी." "आत्यानं डोहाळ्यात केलेली आंबील."

"छान लावलंस हं," आत्या म्हणतात. "शिकलेली सून. मी बापडी सगळं एका ट्रंकेत कोंबायची."

"तुम्हाला राग आलाय."

"मेलेल्या माणसाला कसला राग? मी आपली बघालेय. ह्यांचा खिसा कुटला?"

रेवती शोधते. वरच्या ओळीत नाही, मधल्या ओळीत नाही. अगदी खाली, फरशीला टेकलेला एक खिसा आहे. त्याला वरून झाकण शिवलंय आणि झाकणाला कडी आहे. चिठ्ठी नाही.

"नाव न्हाई घाटलंस?"

"आत्या, त्यांनी टाचण्या सांडल्या होत्या. तिशूच्या हातात टाचणी होती. तोंडात घातली असती तर?"

"घाटली असती तर मेली असती," आत्या शांतपणे म्हणतात, जणू भाजीत मीठ कमी आहे असं सांगताहेत. "टाचणी कुणाची?"

रेवती बोटानं झाकणाचे टाके मोजायला लागते.

"मागावरच्या माणसाकडं टाचणी असती व्हय? कुणाची गं?"

"माझी."

"कुटं ठेवलेली?"

"खालच्या खिशात."

"मग कडी कुणाला लावायची, सांग बघू."

आता त्या दोघी शुक्रवारच्या बाजारात आहेत, कटपीसच्या ढिगांमध्ये, आणि आत्याच्या कडेवर तिशू आहे. आत्या बाळाला ढिगावर बसवतात, गळ्यातली टेप काढतात आणि मापं घ्यायला लागतात. खांदा. दंड. पाठ. तिशू खुदखुदते. तिला गुदगुल्या होताहेत.

"हिला सोडा."

"कापड मऊ हाय. हिचं किती निघतील गं? सोळा?"

"आत्या, पाया पडते. हिला हात लावू नका."

"अगं, मी कुठं काय करालेय?" आत्या टेप गुंडाळतात. पहिल्यांदा त्यांचं तोंड दिसतं. जिवंत असताना होतं तसंच आहे, फक्त त्यावर रेवतीबद्दलची माया नाही. "ही तुझ्याकडंच शिकालीया. तू कडी लावतीस तवा तुझ्या कडेवर कोण असतंय? रोज बघती. हात पुढं करती कडीला. तुला वाटतंय खेळती."

हे खरं आहे. कालच तिशूनं कडीला हात लावला होता, आणि रेवतीनं त्या हाताचा मुका घेतला होता.

"मी वाईट नाही हो," रेवती म्हणते. तिचा आवाज तिलाच लहान पोरीसारखा ऐकू येतो. "मी दमते. एकटी असते दिवसभर. मला सारखं वाटतं हिला काहीतरी होईल."

"व्हय, माहीत हाय मला. मीबी तशीच हुते." क्षणभर वाटतं की आता त्या जवळ घेतील. त्या सुईत दोरा ओवतात. "पर मी कुणाला कोंडलं न्हाई."

परत घर. परत पलंग. तिशू झोपलेली आहे आणि रेवती तिच्याशेजारी, आणि आत्या पलंगाच्या कडेला बसून रेवतीच्या कुर्त्याचा घेर हातात घेतात. गोधडीवर ठेवतात. सुई आत जाते.

"आत्या, अंगावरचं कापड शिवू नये, तुम्हीच ओरडायचा मला."

"जित्या माणसाच्या अंगावर शिवू ने," आत्या म्हणतात आणि दुसरा टाका घालतात. "पड गप. कसं वाटतंय बघ, उठता आलं न्हाई की."

तिसरा. चौथा. सुई वर येताना कुरकुरते. रेवतीला पाय हलवता येत नाही, हाक मारता येत नाही. शेवटी आत्या वाकतात, दातानं दोरा तोडतात. त्यांचा श्वास गुडघ्याला लागतो, थंडगार.

माग सुरू होतात.

रेवती डोळे उघडते. तिशू गाढ झोपेत. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं आहेत. ती ताडकन उठायला जाते आणि मागं ओढली जाते.

कुर्त्याचा घेर गोधडीला शिवलेला आहे. नऊ टाके, एकाला एक लागून, गव्हाच्या दाण्याएवढे. दोरा रिळाचा नाही. लाल रेशमाचा आहे, इरकलीच्या पदरातून उसवून काढलेला, अजून नागमोडी.

कात्री हाताशी नाही. ती टाके दातांनी तोडते. चार तुटतात, बाकीचे तुटेनात, तेव्हा ती कुर्ता फाडते आणि तशीच मागच्या खोलीकडं पळते. आतून काहीच आवाज नाही. कडी काढते. दार अर्धंच उघडतं. आतून कशाला तरी अडतं.

मामा दाराला टेकून फरशीवर बसले आहेत. धोतर ओलं आहे. ओल पार उंबऱ्यापर्यंत आली आहे. ते मान वर करतात, पण कोण आलंय ते त्यांना कळत नाही. हात पुढं करून तिच्या फाटक्या कुर्त्याची कड चाचपतात, मग हात मागं घेतात.

"मामा, दार का नाही वाजवलं? हाक तरी मारायची!"

"पोर झोपलीया म्हणालीस की," ते म्हणतात. फार हळू, कुणाची तरी झोप मोडू नये अशा बेतानं. "उठली व्हय ती?"

रेवती तिथंच ओल्या फरशीवर बसते.

टाके उरलेली गोधडी तिच्याकडं आहे. आलेल्या माणसाला ती दाखवते, आणि कुणी विश्वास ठेवला नाही तरी तिची हरकत नसते. तिचं मागणं वेगळंच आहे, आणि ते तुमच्याकडं आहे. तुमच्या घरात, किंवा वरच्या मजल्यावर, किंवा शेजारी, एखादं माणूस असेल ज्याला तुम्ही आवाज करू नका म्हणून सांगितलंय. आणि ते ऐकतंय. हे वाचून संपवायची गरज नाही, ती म्हणते. आत्ता उठा, आणि त्याला बघून या.