मागे आली होती

एल्रॉय टेस्मरचं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. आधी बोटीचा ट्रेलर चिखलात रुतला, मग इंजिन खोकत बसलं, आणि हे सगळं निस्तरेपर्यंत त्याचा मेहुणा नॉर्ब धक्क्यावर उभा राहून मजेत सँडविच खात होता.

"जरा दमानं घे," नॉर्ब म्हणाला. "मासे काय गाव सोडून चाललेत?"

"मासे नाही, माझा खांदा चाललाय! सोमवारी ऑपरेशन आहे, ठाऊक आहे ना? का तेही सँडविचबरोबर गिळलंस?"

काउंटीचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवण्यात एल्रॉयचं सगळं आयुष्य गेलं होतं. थंडीतली ती धक्क्यांची नोकरी त्याच्या उजव्या खांद्यात जाऊन बसली होती. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगून टाकलं होतं की गळाची हलकी काठी पुढेही चालेल, पण मस्की माशासाठीची जड काठी आता विसरा. म्हणजे झालं. कोलीनच्या बारमधल्या भिंतीवर फोटो लागावा अशी मोठी मस्की एल्रॉयला आयुष्यात एकदाही मिळाली नव्हती, आणि आता जे काय व्हायचं ते आजच होणार होतं.

मस्की हा मासाच असा छळवादी. गळाला लागायची नाहीच, पण गळामागे बोटीपर्यंत येईल, पाण्यातून तुमच्याकडे टक लावून बघेल आणि शांतपणे फिरून निघून जाईल. दर वर्षी पानगळीत एल्रॉय बारमध्ये शिरला की कोलीन विचारायची, "काय झालं?" तो टोपी काढून म्हणायचा, "मागे आली होती," आणि बाकीचे एका सुरात ओरडायचे, "आणि फिरली!" आमच्याकडची माणसं तशी वाईट नाहीत, पण असा विनोद सापडला की वर्षानुवर्षं सोडत नाहीत.

त्यात एल्रॉय नियमाचा कर्मठ. गळ ज्यानं लावला, मासा त्याचा. दुसऱ्याचा हात लागला की संपलं. म्हाताऱ्या वेंडेलचा फोटो भिंतीवर लागला होता तेव्हा यानंच भर बारमध्ये तमाशा केला होता. गळ जावयानं लावला, मग काठी सासऱ्याच्या हातात दिली, असला मासा भिंतीवर चालणार नाही म्हणजे नाही! कोलीननं शेवटी फोटो उतरवला. वेंडेल त्यानंतर त्याच्याशी एक शब्द बोलला नाही.

हॅलोरन तळ्यावर वारा बोचरा होता. बर्चची पिवळी पानं पाण्यावर पसरली होती आणि दर फेकीला गळात अडकून येत होती. एल्रॉय फेकत होता, ओढत होता, आणि दोरी बोटीजवळ आली की काठीचं टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठाचा आकडा काढत होता. मागे आलेली मस्की त्या वळणावर झडप घालते, म्हणून प्रत्येक फेकीनंतर तो आठ काढायचाच. पाण्यात काही दिसो न दिसो. दर आठाला खांद्यातून कळ उठत होती.

बोटीच्या दुसऱ्या टोकाला नॉर्ब हलक्या काठीनं बास जातीचे मासे पकडत होता. एकामागून एक. तपकिरी, जाडजूड, उड्या मारणारे.

"हे बघ! केवढा आहे! एक तरी पकड ना, लेका. मन रमेल."

"मला मन रमवायचं नाहीये."

"तुझ्या गळाला पानं मात्र छान लागतायत हो."

दुपार कलली. बोटं बधिर झाली. खडकाळ टोकाशी एल्रॉयनं पुन्हा फेकलं, ओढलं, आणि दोरी जवळ येत असतानाच मागून नॉर्ब म्हणाला, "किती आठ काढशील? मुलं पाढे शिकतील एवढ्यात."

एल्रॉयचं टाळकं सटकलं. "तूच काढ मग!" असं ओरडून त्यानं गळ सपकन पाण्याबाहेर उपसला. दिवसभरातला तेवढाच एक आठ त्यानं गाळला.

आणि खाली ती होती. बोटीला अगदी खेटून, लाकडाच्या ओंडक्याएवढी, तोंड उघडलेली. गळ जिथून गेला त्या रिकाम्या पाण्यावर तिनं तोंड मिटलं आणि ती खाली विरून गेली.

एल्रॉय शिव्या द्यायला लागला त्या नॉर्बला, मग डॉक्टरीणबाईंना, मग स्वतःला, आणि स्वतःला दिलेल्या काही केल्या संपेनात. काहीतरी करायचं म्हणून नॉर्बनं आपली हलकी दोरी टाकली. एक बास लागला. तो बोटीपाशी आला आणि काठी एकदम पाण्यापर्यंत वाकली.

"एल्रॉय! तीच आहे! बास धरलाय तिनं! जाळं घे, जाळं!"

बास तिच्या जबड्यात आडवा होता आणि ती काही केल्या सोडत नव्हती. एल्रॉयनं दोन्ही हातांनी जाळं तिच्याखाली घातलं आणि खांद्यातून वीज गेली तरी उचललं. ती आत आली. आत आल्यावर तिनं बास सोडून दिला. अर्धमेला बास नॉर्बच्या गळाला लटकत राहिला, आणि जाळ्यात ती एकटी उरली.

एल्रॉयनं वाकून तिच्या जबड्यात पाहिलं. गळ नव्हता. नॉर्बचाही नाही, त्याचा स्वतःचा तर नाहीच.

नॉर्ब हळूच म्हणाला, "उचल तिला. फोटो काढतो. तुझ्याच गळाला लागली म्हणू. मी मरेपर्यंत तोंड उघडणार नाही, आईशप्पथ."

एल्रॉयनं ओल्या हातानं तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. नॉर्बनं मोजायची पट्टी काढली तसा तो खेकसला, "ठेव ती आत! मोजू नकोस. मला कळायला नकोय." मग जाळं तिरकं केलं. ती क्षणभर तिथेच थांबली, शेपूट हलवली आणि गेली.

दोघं धक्क्यावर परतले. ट्रेलर पुन्हा रुतला तरी एल्रॉय चिडला नाही, आणि नॉर्बला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

बारमध्ये तळलेल्या माशाचा वास होता. कोपऱ्यात वेंडेल पाठ करून बसला होता, आणि भिंतीवर त्याच्या फोटोची जागा अजून फिकट दिसत होती. एल्रॉयची नजर तिथे जरा जास्तच वेळ थांबली.

"काय झालं?" कोलीननं विचारलं.

एल्रॉयनं डाव्या हातानं टोपी काढली. "मागे आली होती," तो म्हणाला.

सगळा बार आनंदानं ओरडला, "आणि फिरली!"

"हो," एल्रॉय म्हणाला, आणि कोलीननं पुढे सरकवलेला पेला उचलून वेंडेलच्या शेजारी जाऊन बसला.