काळी ट्यूब

पेंटरचं सगळं आयुष्य फोटोवरून तैलचित्रं करण्यात गेलं, आणि फोटोतली माणसं बहुतेक गेलेली. घरच्यांची फर्माईश ठरलेली: जरा उजळ करा, सुरकुत्या काढा, चेहरा हसरा ठेवा. लोकांना खरं कुठे हवं असतं! पॅलेटवर चारच रंग: पांढरा, मातकट पिवळा, लाल आणि काळा. त्यातला काळा नुसता नावाला.

आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. नजर जायच्या आत एक तरी जितं माणूस समोर बसवून रंगवायचं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. जितं माणूस म्हणजे घरात एकच, बायको. ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. संध्याकाळी आली की खिडकीशी खुर्चीत बसायची.

"बरं झालं बसवलंत. तेवढीच पाठ टेकते," म्हणायची आणि बसल्या बसल्या पेंगायची.

पहिलं चित्र बघून ती म्हणाली, "ही कोण? तुमची कुणी असेल तर सांगून टाका."

तो हसला आणि पुन्हा रंगवायला बसला. पण हाताला वळण पडलेलं. दुसऱ्या चित्रातही गाल भरले, डोळ्यांखालचं सगळं पुसलं गेलं. ती उठून चित्राजवळ आली.

"ही गेलेली वाटते हो. मी आहे अजून."

ते त्याला फार लागलं. त्याने सुरीने चेहरा खरवडून काढला. काळ्या ट्यूबचं झाकण इतकं घट्ट बसलं होतं की पक्कड लावावी लागली. काळ्यात पांढरा कालवला, तर पिवळ्याशेजारी तो निळसर दिसायला लागला, अगदी तिच्या डोळ्यांखाली होता तसा. ती झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक खांदा उतरलेला. त्याचे हातही भरून आले होते, पण त्याने दिसलं ते सगळं ठेवलं.

जाग आल्यावर ती चित्रासमोर उभी राहिली.

"इतकी दमलेली दिसते मी?"

"हो."

"मग इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणायचं होतं."

तो ब्रश ठेवून उठला आणि मोरीत सकाळपासून पडलेली भांडी घासायला बसला.

"आधी ते हात पुसा," ती म्हणाली, "भांड्यांना रंग लागेल." आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसली.