एकशे अठरा टक्के

जेवण अंगावर आलं की श्रीधर उपाध्ये आरामखुर्चीत पाय पसरतात, आपण फक्त डोळे मिटलेत असं घरच्यांना बजावतात आणि घोरायला लागतात. आज मात्र झोप नुसती दाराशी घुटमळतेय. पाच वाजता पद्मजा येणार आहे, त्यांच्या जुन्या मित्राची, मगदूमची मुलगी. बाप जाऊन वर्ष झालं. त्याने घरच्या घरी बनवलेलं, मोटारीवर बॅटरी चार्ज करणारं यंत्र आता ती पुढे नेणार म्हणतेय. उद्या नोकरीचा राजीनामा देणार आहे. कशाच्या जोरावर? तर उपाध्येकाकांनी स्वतः मोजलेल्या आकड्याच्या. विजेचे शंभर भाग घालावेत आणि एकशे अठरा मिळावेत, असा तो आकडा.

पंख्याचा आवाज जाड होत जातो. तो पंखा नाही, ती मोटार आहे. उपाध्ये तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत उभे आहेत. तीस वर्षं त्यांनी इथले मीटर सांभाळले. टेबलापलीकडे मगदूम बसलाय. मोटारी रिवाइंड करून करून बोटं वार्निशने पिवळी पडलेली, तशीच आहेत.

"बस की मर्दा," मगदूम म्हणतो. "दमलायस."

"तू गेलायस, मगदूम."

"गेलोय. म्हणून मोजायचं सोडायचं व्हय?"

उपाध्यांना हसू फुटतं. आपल्याला याची इतकी आठवण येत होती, हे त्यांना आत्ता कळतं. ते मीटर काढायला ड्रॉवर ओढतात, तर आत पोळपाट आणि उलथनं. हे मगदूमचं स्वयंपाकघर आहे आणि ओट्यावर यंत्र गरगरतंय.

"बॅटरी उतरवून बघू," मगदूम म्हणतो. "बल्ब लाव. किती वेळ जळतोय बघ. तसं तू कधी बघितलंच न्हाईस."

उपाध्यांचे कान तापतात. आकडा मोजला त्या दिवशी त्यांनी चार्जिंगवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीला मीटर लावला होता. अशी बॅटरी व्होल्ट फुगवून दाखवते, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना तेच दरडावून सांगत. बल्ब लावून बॅटरी पार उतरवायची आणि आत घातलेल्यातलं किती परत आलं ते बघायचं, हीच खरी रीत. पण मगदूम मीटरकडे असा बघत होता की त्यांची जीभ रेटली नाही. एकशे अठरा, म्हणाले. मगदूमने त्यांना तिथल्या तिथे मिठी मारली होती.

ते बॅटरी छातीशी धरून उचलतात. काहीतरी ओलं लागतं. बॅटरी खाली ठेवतात ती स्मशानातल्या बाकावर. शेजारी ओळीने माणसं बसलीत, कुणी वर बघत नाही. बल्ब लागतो. पिवळा होतो, मग तांबडा, मग विझतो. एवढ्यात तासन्‌तास गेलेत.

"किती?"

"बावन्न," उपाध्ये म्हणतात.

मगदूम बल्बची वायर सोडवतो. आता हा जाऊ दे म्हणेल, असं उपाध्यांना वाटतं. मेलेली माणसं माफ करतात, असं त्यांनी ऐकलेलं असतं.

"त्या वरच्या अठरापायी दोन वर्षं मी खोलीतनं बाहेर आलो न्हाई," मगदूम म्हणतो. "पद्मजा ताट घेऊन दारात थांबायची. मी म्हणायचो, ठेव आणि जा."

"तुला आनंद होईल वाटलं रे."

"झाला की. लई झाला." तो विझलेल्या बल्बकडे बघतो. "आता ती बसणार तिथं."

बेल वाजते. उपाध्ये दचकून उठतात. छातीवर खाज येतेय. धुवट सदऱ्याला नखाएवढं भोक पडलंय. कडा पिवळ्या, बोट लावताच धाग्यांचा भुगा होतोय. ॲसिडचं भोक. वर्षभरात त्यांनी एकाही बॅटरीला हात लावलेला नाही.

दारात पद्मजा आहे.

"काका, सदऱ्याला काय झालं?"

"आत ये," उपाध्ये म्हणतात. मग ती आत यायच्या आधीच बोलून टाकतात, नाहीतर पुन्हा जीभ रेटणार नाही. "ते एकशे अठरा खोटे आहेत, पद्मजा. मी नीट मोजलंच नव्हतं. निम्म्याच्या वर फारसं येत नसणार. मला तेव्हाही माहीत होतं."

चप्पल काढता काढता ती थांबते.

"मग बाबा," ती विचारते, "इतके दिवस त्या खोलीत काय करत होते?"